शब्दचर्चा: प्लेटलेटमधला ‘सांगाडा’ की ‘मांडव’?

अनुवादक:
एक माहितीपत्रक मराठीत करतोय. प्लेटलेटच्या ‘सायटोस्केलेटन’मधल्या, म्हणजे पेशीला आतून आकार देणाऱ्या चौकटीतल्या, प्रथिनांत जन्मतः दोष असलेली मुलं, हा विषय. वाचणार त्यांचे आईवडील. ‘पेशीकंकाल’ आणि ‘पेशीसांगाडा’ असे दोन शब्द मिळाले. कंकाल वाचून आई दचकेल, आणि सांगाडा म्हटलं की हाडंच डोळ्यांपुढे येतात. प्लेटलेटला तरी काय म्हणू? डेंग्यूच्या साथीत घरोघरी ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ म्हणतात, म्हणायचं असतं प्लेटलेट.

स्लाइडवाली:
दादा, ‘पांढऱ्या पेशी’ मुळीच नको. त्या जंतूंशी लढणाऱ्या, वेगळ्याच. ‘बिंबाणू’ घ्या. बिंब म्हणजे चकती, आणि ती चकती खरोखर जाणवते. रक्तपेढीत होते तेव्हा आम्ही बिंबाणूंची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच फिरवायचो. बिंबाणू चपटे असतील तर पिवळसर द्रवात रेशमी धुरासारखे भोवरे चमकतात. ते गोल झाले की चमक जाते, पिशवी नुसती गढूळ दिसते. थंडीने ही चकती मोडते आणि असे बिंबाणू रोग्याच्या रक्तात फार टिकत नाहीत. म्हणून ती पिशवी फ्रिजमध्ये न ठेवता 20 ते 24 अंशांवर, हलत्या फळीवर ठेवतात.

ही चकती चपटी ठेवतं ते ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या नळ्यांचं कडं. डफाचं कडं असतं ना, तसं. आत अ‍ॅक्टिनचं जाळं असतं आणि ते ओढणारा मायोसिन, ही दोन्हीही प्रथिनंच. जखम झाली की काही सेकंदांत सगळं उसवतं, नव्याने उभं राहतं आणि बिंबाणूला हातपाय फुटतात. सांगाडा असं कधी करतो का? मला इथे ‘मांडव’ जवळचा वाटतो: उभारायचा, सोडायचा, पुन्हा उभारायचा.

दोष कुठे होतो तेही या शब्दातून सांगता येईल. अस्थिमज्जेतल्या भल्यामोठ्या पेशीतून लांब धागे निघतात आणि त्यांचे तुकडे म्हणजे बिंबाणू. एमवायएच९ या जनुकात बिघाड असेल तर मायोसिन अधू होतो, तुकडे नीट पडत नाहीत, थोडेच आणि अवाढव्य निघतात. मशीन आकारावरून मोजतं, म्हणून मोठे बिंबाणू त्याच्या मोजणीतून निसटतात आणि काउंट आहे त्याहून कमी येतो. स्लाइडवर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की, मात्र तांबड्या पेशीएवढे बिंबाणू समोर दिसतात, आणि शेजारच्या पांढऱ्या पेशीत फिकट निळा ठिपका. ही स्लाइड कुणी पाहिलीच नाही, तर शरीरच आपले बिंबाणू मारतंय असं समजून स्टेरॉइड सुरू होतात, कधी प्लीहाही काढली जाते. या एका गोष्टीचा मला फार त्रास होतो. पत्रकात ‘स्लाइड पाहिली का, हे विचारा’ एवढं ठळक लिहाच. याच बिघाडात पुढे ऐकू कमी येणं, मूत्रपिंडाचा त्रास, मोतीबिंदू असंही होऊ शकतं, म्हणून नाव वेळेवर कळायला हवं.

उलट विस्कॉट-ऑल्ड्रिच विकारात बिंबाणू बारीक असतात. अ‍ॅक्टिनची जुळणी सुरू करणारं प्रथिन तिथे बिघडलेलं असतं. विस्कॉट यांनी 1937 मध्ये म्युनिकला तीन भावांत हा विकार नोंदवला. त्यांच्या बहिणी निरोगी होत्या, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे.

गुरुजी:
‘मांडव’ छान, पण संज्ञा म्हणून ‘पेशीसांगाडा’ कंसात राहू द्या, पुढे शोधणाऱ्याला सापडेल. शीर्षकात ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ यांची सरमिसळ नको. जन्मजात म्हणजे जन्मापासून असलेला, आनुवंशिक म्हणजे पिढीतून आलेला. आणि ‘अनुवंशिक’ नव्हे, ‘आनुवंशिक’.

स्लाइडवाली:
गुरुजी, हे फार कामाचं. एमवायएच९चा बिघाड बऱ्याच मुलांत नव्यानेच उपजतो, आईवडिलांत नसतो. ‘आनुवंशिक’ वाचून घरात लगेच ‘कुणाकडून आलं’ सुरू होतं, आणि बोट बहुधा आईकडे. तिथे ‘जनुकीय’ म्हणा. पण त्या मुलाकडून पुढे त्याच्या अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, हेही लिहा.

अनुवादक:
ताई, गुरुजी, पहिलं वाक्य असं करतोय: ‘रक्त थांबवणाऱ्या बारीक चकत्यांना बिंबाणू म्हणतात, त्यांना आकार देणारा आतला मांडव (पेशीसांगाडा) काही मुलांत जन्मतः सैल असतो.’ ‘सैल’ बरोबर बसतोय का?

स्लाइडवाली:
‘सैल’ नको, ‘सदोष’ही कोरडा. ‘नीट उभा राहत नाही’ लिहा.