विकत घेतलेलं गाणं रसिकाच्या मोबाइलवर उतरवून देताना : तुमचे अनुभव

स्वतःच्या खर्चानं ध्वनिमुद्रण करून ते थेट रसिकांना विकणारे गायक-वादक मराठीत आता बरेच आहेत. पैसे जमा होतात, पावती जाते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो : "पैसे भरले हो, पण गाणं आहे कुठं?" या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं इथं आहेत, म्हणून हा धागा.

कुठं अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, एवढंच लिहा. फोन कोणता, फाईल कोणती, आकडे किती, तेही द्या. कसोटी एकच धरू : फोनचं नेट बंद केल्यावर गाणं वाजलं पाहिजे, आणि ती फाईल कुठल्या फोल्डरात आहे हे घेणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे.

---

खर्ज

अँड्रॉइडपुरतं लिहितो.

पहिला घोळ 'डाउनलोड' या शब्दाचाच. मासिक वर्गणीच्या ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दाबलं की गाणं त्या ॲपच्या पोटात जातं. ते फाईल म्हणून हाती येत नाही आणि वर्गणी थांबली की वाजत नाही. गायक-वादक जिथं आपली गाणी थेट विकतात त्या बँडकॅम्प साइटचं ॲपही ऑफलाइन ऐकण्यासाठी गाणं आपल्याच आत ठेवतं. खरी फाईल हवी तर ॲप बाजूला ठेवून क्रोममधून खरेदीच्या पानावर जायचं. बँडकॅम्पवर खातं न काढता घेतलं असेल तर पावतीच्या मेलमधल्या लिंकवरून जायचं. मेल दिसत नसेल तर प्रमोशन्स आणि स्पॅम दोन्ही बघायला सांगा, त्यातही पाठवणाऱ्याच्या नावानं शोधायला सांगा. तिथंही नसेल तर पत्ताच चुकलेला असतो. 'कॉम'च्या जागी 'कॉन' टाइप झालेले पत्ते नेहमीचेच.

दुसरी अडचण आतल्या ब्राउझरची. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधून लिंक उघडली की ती त्यांच्याच खिडकीत उघडते. तिथं डाउनलोड दाबून काहीच होत नाही, किंवा अर्ध्यात थांबतं. उजवीकडच्या तीन ठिपक्यांवरून क्रोममध्ये उघडायला सांगायचं. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न "फोन कोणता?" विचारतो आणि लगेच दुसरा "लिंक कुठून उघडलीत?"

अल्बम झिप म्हणून, म्हणजे सगळी गाणी एकत्र बांधलेली एकच फाईल म्हणून येतो. 'फाइल्स बाय गूगल' उघडा, डाउनलोड्समध्ये जा, झिपवर टिचकी द्या, 'एक्स्ट्रॅक्ट' निवडा. मग तयार झालेला फोल्डर 'म्युझिक'मध्ये हलवा. झिप आणि सुटी झालेली गाणी एकाच वेळी फोनवर असतात, म्हणून मोकळी जागा अल्बमच्या किमान दुप्पट लागते. जागा कमी पडली की काही फोन सरळ तसं सांगत नाहीत. झिप खराब आहे असं म्हणतात आणि दोष विकणाऱ्यावर येतो.

सगळं नीट उतरलं, तरी प्लेयरमध्ये गाणी दिसत नसतील तर क्रमानं तीन गोष्टी बघा. झिप खरंच सुटी झाली आहे का? फोल्डरात 'नोमीडिया' नावाची लपलेली फाईल आहे का? ती असेल तर फोन तो फोल्डर गाण्यांसाठी तपासतच नाही. आणि प्लेयरच्या सेटिंगमध्ये छोट्या फाईल वगळण्याची खूण आहे का? ती असली की अर्ध्या मिनिटाचे श्लोक आणि निवेदनं गायब होतात. यातलं काहीच नसेल तर फोन एकदा बंद करून चालू करा, म्हणजे गाण्यांची यादी नव्यानं तयार होते.

---

काळी चार

फाईल बनवणाऱ्यांनी आपल्या टोकाला काळजी घेतली तर खर्ज यांचे निम्मे फोन वाचतील.

आकारमानाचा हिशेब तोंडपाठ असू द्या. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी, सीडी दर्जाची वेव्ह (न दाबलेली फाईल) मिनिटाला साधारण १०.६ एमबी, २४ बिट ४८ किलोहर्ट्झची वेव्ह मिनिटाला १७.३ एमबी. फ्लॅक या प्रकारच्या फाईलमध्ये आवाजाचा काहीही ऱ्हास न होता वेव्हच्या निम्मी ते दोन-तृतीयांश जागा लागते. म्हणजे ४८ मिनिटांचा अल्बम एमपीथ्रीत ११५ एमबी, सीडी दर्जाच्या वेव्हमध्ये ५०८ एमबी. रोजचा दीड जीबी डेटा असलेल्या माणसानं वेव्ह उतरवायला घेतली आणि दोनदा तुटली, तर दिवसाचा डेटा संपल्यातच जमा. म्हणून मोबाइलसाठी पहिलं बटण ३२० एमपीथ्रीचं ठेवा, फ्लॅक त्याखाली. दर्जाबद्दल आग्रही असणारा रसिक खाली जाऊन फ्लॅक शोधतोच.

प्रत्येक बटणाशेजारी आकार लिहा : "८ गाणी, ११५ एमबी". उतरलेली फाईल ६० एमबीच आहे हे रसिकाला स्वतःला दिसतं आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. फक्त एक लक्षात ठेवा. विंडोज एमबी मोजताना १०००ऐवजी १०२४नं भागतो, त्यामुळे तुमची ७२ एमबीची फाईल तिथं ६८.७ दिसते. ती अपुरी नसते.

झिपच्या सोबत एकेक गाण्याची सुटी लिंकही द्या. ज्याला झिप उलगडता येत नाही तो ८ वेळा टिचकी मारून का होईना, गाणी घेतो.

आता देवनागरीबद्दल, कारण यावर कुठंच नीट लिहिलेलं सापडत नाही. अँड्रॉइडच्या स्टोरेजमध्ये फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'ज्ञानेश्वर' आपल्याला ४ अक्षरांचं दिसतं, पण ती १० चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. राग, ताल, गायक, तबला, पेटी असं सगळं फाईलच्या नावात घातलं की झिप उलगडताना तेवढीच फाईल अडते आणि अल्बममध्ये एक गाणं कमी भरतं. शिवाय मॅकवर बनवलेली झिप विंडोजवर उघडली की मराठी नावांचा कधी कधी चिखल होतो.

उपाय : फाईलचं नाव आखूड आणि रोमन लिपीत, सुरुवातीला ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक इंग्रजी अंकांत. मराठी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आत साठवलेल्या गाणं-गायक-अल्बम अशा माहितीत. विंडोजवर 'एमपीथ्रीटॅग' हे टॅग लिहिण्याचं ॲप घ्या आणि आयडीथ्री या टॅगच्या पद्धतीची २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतात साठवा. ती जुन्या-नव्या बहुतेक फोनला कळते. जुनी पहिली आवृत्ती सोबत लिहू नका. तिच्यात देवनागरी बसत नाही, आणि जो प्लेयर आधी तीच वाचतो तो रसिकाला प्रश्नचिन्हांची रांग दाखवतो.

अभंगांच्या अल्बममध्ये ४ गायक असतील तर 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या. तो रकाना रिकामा राहिला की कित्येक प्लेयर एकाच अल्बमचे ४ तुकडे करून दाखवतात आणि "बाकीची गाणी आलीच नाहीत" असा फोन येतो. मुखपृष्ठ ६०० बाय ६०० पिक्सेलचं साधं जेपेग पुरे. ३००० पिक्सेलचं चित्र प्रत्येक गाण्यात चिकटवलं की साधे फोन गाणं लावताना अडखळतात.

विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाईलमध्ये तोडणाऱ्यांनाही एक विनंती. एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी मोकळी जागा पडते, त्यामुळे जोडावर तानपुरा क्षणभर तुटतो. ख्याल सलग एकाच फाईलमध्ये द्या. ३० मिनिटांची फाईल ७२ एमबीची होते, उतरवायला काही अवघड नाही.

---

पांढरी पाच

आयफोन. इथं बहुतेकांचा गैरसमज असा, की फाईल उतरली की ती म्युझिक ॲपमध्ये दिसेल. दिसत नाही. ती 'फाइल्स' ॲपमध्ये जाते आणि तिथून म्युझिकमध्ये नेण्याचा थेट मार्ग ॲपलनं ठेवलेला नाही. हे रसिकाला आधीच सांगा, नाहीतर तो तेच गाणं पाच वेळा उतरवत बसतो.

आयओएस १३पासून, म्हणजे २०१९पासून, सफारीत डाउनलोडची सोय आहे आणि फाइल्स ॲपला झिप उलगडता येते. सफारीत लिंक उघडा, 'डाउनलोड' दाबा, पत्त्याच्या पट्टीजवळचा बाण पूर्ण होऊ द्या. मग फाइल्स, डाउनलोड्स, झिपवर एक टिचकी : शेजारी फोल्डर तयार होतो.

अडण्याची जागा अशी : सफारीचा डाउनलोड्स फोल्डर सहसा आयक्लाउडमध्ये असतो आणि फुकटची जागा ५ जीबी. फोटोंनी ती आधीच भरलेली असते. सफारीच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड्स'वर जाऊन 'ऑन माय आयफोन' निवडून द्या.

ऐकण्यासाठी मी व्हीएलसी हे प्लेयर ॲप सुचवते. ते फुकट आहे आणि फ्लॅकही वाजवतं. ते बसवून एकदा उघडायचं, म्हणजे फाइल्समध्ये 'ऑन माय आयफोन'खाली व्हीएलसीचा फोल्डर उगवतो. न उघडता शोधलात तर सापडणार नाही. मग अल्बमच्या फोल्डरावर बोट दाबून ठेवा, 'मूव्ह' निवडा, व्हीएलसीच्या फोल्डरात टाका. थेट फाइल्समधूनही गाणं वाजतं, पण एक संपल्यावर पुढचं आपोआप लागत नाही.

म्युझिक ॲपमध्येच हवं असेल तर कॉम्प्युटर लागतो. मॅकवर म्युझिकमध्ये इम्पोर्ट करा, केबल जोडा, फाइंडरमधून सिंक करा. विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपलची नवी ॲप. दोन सावधगिऱ्या. म्युझिक फ्लॅक घेत नाही, तिथं एलॅक (ॲपलचा ऱ्हास न होणारा प्रकार) किंवा एमपीथ्री द्या. बँडकॅम्पच्या यादीत एलॅक असतो. आणि फोन आधी दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेला असेल तर 'इरेझ अँड सिंक' असा प्रश्न येतो. त्याला हो म्हटलं की फोनवर आधी सिंक केलेली गाणी पुसली जातात. रसिकाच्या वतीनं तुम्ही बसला असाल तर इथं थांबून त्यालाच विचारा.

ॲपल म्युझिकची वर्गणी असलेल्यांकडे 'सिंक लायब्ररी' चालू असते, त्यामुळे केबलनं गाणी जात नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करून वाट पाहायची, गाणी नेटवरून फोनवर येतात. तिथं परत गाण्याशेजारचा डाउनलोडचा बाण दाबायचा, तेव्हाच ती नेट बंद असताना वाजतील.

---

लेहरा

गूगल ड्राइव्हवरून देणाऱ्यांसाठी. पेपालनं १ एप्रिल २०२१पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केल्यापासून इथल्या रसिकांकडून यूपीआयनं पैसे घ्यायचे आणि ड्राइव्हची लिंक पाठवायची, ही पद्धत बरीच रुळली आहे.

शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक' असं हवं, नाहीतर परवानगी मागण्याचं पान येतं. १०० एमबीपेक्षा मोठ्या फाईलला गूगल व्हायरसची तपासणी करता येत नाही असं सांगतं. रसिक घाबरून मागं फिरतो, तेव्हा "डाउनलोड एनीवे दाबा" हे वाक्य लिंकसोबतच पाठवा. ड्राइव्हमध्ये गाण्यावर टिचकी दिली की ते तिथंच वाजू लागतं आणि माणसाला वाटतं, उतरलं. तीन ठिपक्यांवरून डाउनलोड करायला सांगायचंच. प्रकाशनाच्या दिवशी एकाच लिंकवर गर्दी झाली तर गूगल २४ तासांपर्यंत ती फाईल अडवून ठेवू शकतं. दुसऱ्या खात्यावर एक प्रत तयार ठेवा.

मैफलीच्या ठिकाणी क्यूआर लावताना पैशाचा एक आणि गाण्याचा एक, असे दोन शेजारी लावू नका. लोक यूपीआय ॲपनंच दोन्ही स्कॅन करतात आणि गाण्याचा क्यूआर पेमेंटचा नाही म्हणून अडतो. दोन वेगळ्या टेबलांवर ठेवा आणि गाण्याच्या क्यूआरखाली "फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा" असं ठळक लिहा. तो क्यूआर थेट झिपवर नेऊ नका, पानावर न्या. सभागृहात रेंज नसते, पान उघडून ठेवलं तर घरी जाऊन वायफायवर उतरवता येतं.

---

ठेका

व्हॉट्सॲपवरून पाठवावंच लागलं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाईल जशीच्या तशी पोचते आणि मर्यादा २ जीबी आहे. ती व्हॉट्सॲपच्या फोल्डरात पडते, बरेच प्लेयर तिथं शोधत नाहीत. 'म्युझिक'मध्ये हलवून द्या.

बटणाचे फोन वापरणारे श्रोते, विशेषतः भजन-कीर्तनाचे, भरपूर आहेत. त्यांना मेमरी कार्ड भरून द्यायचं. ३२ जीबी किंवा लहान कार्ड, फॅट३२ फॉरमॅट. ६४चं कार्ड बाजारातून एक्सफॅट होऊन येतं, साधा फोन ते वाचत नाही. एमपीथ्री १२८ केबीपीएस, स्थिर बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा गाणंभर सारखाच. बदलता बिटरेट असला की काही फोन गाण्याची लांबी चुकीची दाखवतात. मिनिटाला १ एमबीहून थोडं कमी, म्हणजे ४ जीबीच्या कार्डात ६० तासांहून जास्त बसतं. काही फोन नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झालं त्या क्रमानं वाजवतात. म्हणून कार्ड आधी फॉरमॅट करा आणि फाईल एकेक करून, ०१ पासून कॉपी करा. हरिपाठाचा क्रम मोडला तर म्हणणारी आजी मध्येच अडते. एवढ्यासाठी ५ मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

---

खर्ज

फोन बदलल्यावर काय, हे राहिलं. जुना फोन विकायच्या आधी 'म्युझिक' फोल्डर ओटीजी (थेट फोनला जोडता येणाऱ्या) पेनड्राइव्हवर कॉपी करायला सांगा. बँडकॅम्पवर खातं असेल तर खरेदी त्यात राहते आणि पुन्हा उतरवता येते. पाहुणा म्हणून घेतलं असेल तर पावतीचा मेल पुसू नका. गूगल प्ले म्युझिक २०२० अखेर बंद झालं. त्यावर विकत घेतलेली गाणी यूट्यूब म्युझिककडे नेण्यासाठी मुदत होती, ती पाळली नाही त्यांची गाणी गेली. ज्यांच्याकडे फाईल होती त्यांना काहीच करावं लागलं नाही.

काळी चार, हरिपाठासारख्या छोट्या-छोट्या गाण्यांच्या अल्बमलाही सलग एकच फाईल द्यावी का? ठेका यांचा क्रमाचा प्रश्न सुटेल.

---

काळी चार

दोन्ही द्या. बटणाच्या फोनसाठी सलग एक, स्मार्टफोनसाठी सुटी. सलग फाईलमध्ये पुढं सरकवणं बटणाच्या फोनवर कठीण जातं, म्हणून साधारण २० मिनिटांचे भाग करा आणि तोडताना अभंगाच्या मध्ये तोडू नका.