मदत हवी: ट्रॅक्टर-मळणीयंत्र जोडून द्यायचा धंदा अडकलाय, दोन तालुके सोडून देऊ का?

राम राम मंडळी. मी औशाकडचा, जिल्हा लातूर. दोन वर्षं झाली ट्रॅक्टर अन् मळणीयंत्रं भाड्यानं जोडून द्यायचं काम करायलोय. शेतकऱ्यानं व्हॉट्सअपवर सांगायचं, मी यंत्रवाला गाठून द्यायचा. यंत्रवाले ३८ झालेत, पण औसा, निलंगा, रेणापूर अशा तीन तालुक्यांत विखुरलेत अन् तिथंच सगळं अडलंय.

नेटवर्क इफेक्टचं (माणसं वाढली की प्रत्येकाचा फायदा वाढतो) वाचून मी नुसती माणसं जोडत गेलो. १० जणांत ४५ जोड्या होतात अन् १०० जणांत ४९५०, हिशोब बरोबरच आहे, पण निलंग्याचा ट्रॅक्टर रेणापूरच्या शेतकऱ्याच्या काय कामाचा, डिझेलच परवडंना. एकेका शिवारात बघितलं तर माझी यंत्रं दोन-तीनच.

मागच्या ऑक्टोबरात एका मामांची सोयाबीनची बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लागलेली, आभाळ भरून आलं, त्यांचे सकाळपासून चार फोन, अन् मला यंत्र घावलं ते १८ किलोमीटरवरचं. ते येईस्तोवर पाऊस सुरू. ताडपत्री घेऊन मी स्वतः गेलो, तरी खालचा थर भिजलाच. त्या गावातून परत एक फोन नाही.

तेव्हापासून समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८ चं थ्रेशोल्ड मॉडेल (किती जणांना बघून माणूस एखाद्या गोष्टीत उतरतो, त्याचा हिशोब) डोक्यातून जाईना गेलंय. १०० माणसं धरा, पहिला कुणाला न बघता उतरतो, दुसरा एकाला बघून, तिसरा दोघांना बघून, असं करत शंभरच्या शंभर येतात. पण तो दुसरा जर म्हणाला की मी दोघांना बघूनच येणार, तर पहिला एकटाच राहतो, बाकी ९८ जण होते तसेच असले तरी. त्या गावातले ते दुसरे म्हणजे हे मामाच होते असं मला वाटायलंय.

आता विचार असा की निलंगा-रेणापूर सोडायचं अन् औशाच्या आठ-दहा गावांतच १५ यंत्रं उभी करायची. पण भीती वेगळीच. पाऊस पडून वापसा आला की सगळ्यांना पेरणीला एकाच दिवशी ट्रॅक्टर लागतो, मग एकाच भागात गिऱ्हाईक वाढलं तर उलट जास्त लोकांना नाही म्हणावं लागंल ना? अन् एकदा ओळख झाली की शेतकरी ट्रॅक्टरवाल्याला थेट फोन करतो, मी मधून बाजूला. त्यात त्यांची चूक नाही, पण मग माझ्याकडं त्यांनी का यावं?

ज्यांनी दूध संकलन, टेम्पो, मजूर टोळ्या असलं काही जमवलंय त्यांनी सांगा, पेरणीच्या त्या चार दिवसांत पाळी कशी लावता? आगाऊ पैसे घेता का? अन् मामांकडं परत जायचं म्हणतोय, कुठल्या तोंडानं जाऊ, काय घेऊन जाऊ?