मदत हवी आहे: सेव्हन सिस्टर्स, आई-बाबांसह एका दिवसात

जुलैत लंडनहून एका शनिवारी ससेक्समधल्या सेव्हन सिस्टर्सला, म्हणजे समुद्रकाठच्या खडूच्या पांढऱ्या कड्यांवर, जायचं आहे. सहा जण, त्यात पुण्याहून आलेले आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या घरात, बाबांचा गुडघा दुखरा.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून लुईसला गाडी बदलून सीफर्ड, तिथून १२ नंबरच्या बसने एक्सीट, एवढं पक्कं आहे. तीन ते नऊ जणांना गर्दीची वेळ सोडून रेल्वेच्या ग्रुपसेव्ह सवलतीत एकतृतीयांश सूट मिळते, म्हणून तिकिटं एकत्रच काढणार.

चौघं एक्सीटहून बर्लिंग गॅपपर्यंत कड्यावरून चालतील. अंतर साधारण साडेसहा किलोमीटरच, पण सारखी चढ-उतार, आणि खडूच्या मातीची उतरण पावसानंतर साबणासारखी निसरडी होते. वर सावली नाही, पाणी नाही. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते! कडा खालून पोखरलेला असतो, त्यामुळे काठापासून लांबच राहणार. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ठरवलंय.

अडचण आई-बाबांची. त्यांच्यासाठी एक्सीटहून नदीकाठाने समुद्रापर्यंतची सपाट वाट बरी वाटते. तिथे मध्ये टेकायला बाकं आहेत का? शेवटच्या गोटेरी पट्ट्यावर काठी रुतते का?

आणि बर्लिंग गॅपहून ईस्टबोर्नला परतायला शनिवारी १३एक्स बस संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळते? ती चुकली तर टॅक्सी तिथे सहज येते की आधी सांगून ठेवावी लागते? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.