नवीन कोंबड्या रात्री दांडीवर बसत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला असतो, मागच्या अंगणात एकच खुराडं आहे त्यात आमच्या गावरान कोंबड्या आणि आता शेजारच्या काकूंनी झाबुआकडून आणलेल्या दोन कडकनाथ (काळी जात) तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या, सगळ्या एकत्रच. दिवसभर काही त्रास नाही पण दिवेलागणीला जे सुरू होतं ते बघवत नाही हो. आमची तांबडी वरच्या दांडीवर मधोमध बसते आणि या नवीन दोघींतली एक जरी वर चढायला लागली की थेट तिच्या काळ्या तुऱ्यावर टोच मारते, काल तर रक्त आलं. मग त्या दोघी अंडी घालायच्या खोक्यात जाऊन झोपतात, रात्रभर तिथेच घाण, सकाळी अंडी माखलेली.

खोके दांडीपेक्षा खालीच आहेत, प्रत्येकीला ८-१० इंच जागा मिळेल एवढी दांडी आहे. रक्त पिणारे लाल किडे रात्रीच बाहेर येतात म्हणून अंधारात टॉर्च मारून फटी पण बघितल्या, काही नाही.

आता वरची-खालची काढून दोन्ही दांड्या एकाच उंचीवर लावल्या तर भांडण थांबेल का? आणि संध्याकाळी खोक्यांना पुठ्ठा लावायचा, अंधार पडला की दोघींना उचलून दांडीवर ठेवायचं, पहाटे पुठ्ठा काढायचा, असं कोणी केलंय का, साधारण किती दिवसात सवय लागते? वेगळं खुराडं करायला जागाच नाहीये, आणि काकूंचा खूप जीव आहे त्यांच्यावर. प्लीज सांगा.