तारणाची तारीख विचारणाऱ्यांना

कुंडलिकाकाठ (जालना): "ज्याला आपल्या तारणाचा दिवस सांगता येत नाही, त्याचे तारण झालेलेच नाही," असे परवा या चर्चेत एका बंधूंनी लिहिले; तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने पापातून होणारी सुटका. हाच प्रश्न आमच्या आजीला तिच्याच ओसरीवर भरलेल्या प्रार्थनासभेत विचारला गेला होता. हातातली लसूण सोलायची न थांबवता ती म्हणाली, "मला कळतंय तवापासून त्योच हाय, तारीख कुठून आणू?" सगळे हसले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बायबलातले इफिसकरांस पत्र तारणाला देवाचे दान म्हणते; दान घेणाऱ्याने तारखेची पावती दाखवावी, अशी अट घातली की विश्वासाचेच कर्मकांड होते.

अंबडचा वाटसरू: ते लिहिणारा मीच. माझे दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी, झालेले होते, मी प्रभुभोजन घेत होतो आणि शनिवारी रात्री दारूच्या दुकानातून घरी येत होतो. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत नाव आहे एवढ्याच आधारावर मी स्वतःला तारलेला समजत होतो. मला जाग आली तो दिवस मला पाठ आहे. योहानाने आपले पहिले पत्र विश्वासणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभले आहे हे कळावे म्हणूनच लिहिले (५:१३). जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या मिशनरी नारायण शेषाद्रींना १८४३ मधला आपला बाप्तिस्मा विसरता आला असता काय? आपण मात्र आजोबांच्या विश्वासाच्या व्याजावर जगतो.

छावणीतला कॅथलिक: तारण "केवळ विश्वासाने" होते असे तुम्ही प्रोटेस्टंट म्हणता, पण हे शब्द बायबलात एकाच ठिकाणी जोडीने येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही "नव्हे" सोबत घेऊन. पौलाच्या रोमकरांस पत्रातला (३:२८) "केवळ" प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातला. पायाच असा असताना तुम्ही तारखेवरून भांडता, याची गंमत वाटते.

कुंडलिकाकाठ: गंमत वाटू द्या. याकोब मेलेल्या विश्वासाविषयी बोलतो, पौल नीतिमान ठरण्याच्या आधाराविषयी. शिवाय १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे तुमच्या रोमनेही लुथरन मंडळ्यांबरोबरच्या संयुक्त घोषणेवर सही केली आहे: आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो.

छावणीतला कॅथलिक: सही केली, हे मान्य. त्यासाठी तुम्हाला साडेचारशेहून अधिक वर्षे आमची वाट पाहावी लागली, याबद्दल दिलगीर आहे.

परभणीची सून: तुमचे वाद चालू द्या, पण माझ्या सासऱ्यांच्या मातीला काय झाले ते ऐका. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी आपली विहीर सगळ्या वस्तीला खुली ठेवली होती आणि स्वतःचा ऊस वाळू दिला होता. लोक मूठमूठ माती टाकत असताना उपदेशकांनी सांगितले की, मयताने आपल्या तारणाची साक्ष दिल्याचे कोणाला आठवत नाही, तेव्हा ते कोठे आहेत हे आपण सांगू शकत नाही. माझ्या नवऱ्याच्या हातातली माती हातातच राहिली. त्यानंतर तो मंडळीत गेलेला नाही.

अंबडचा वाटसरू: ताई, ते बोलणे निर्दयपणाचे होते. पण विहिरीने तारण होत नाही, हेही खरेच.

परभणीची सून: विहिरीने होते असे मी कोठे म्हटले? ज्याला देवाचा निवाडा ठाऊक नाही, त्याने कबरीवर तो सुनावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. उपदेश करणाऱ्यांना विधवेसमोर गप्प बसणे का जमत नाही?

कुंडलिकाकाठ: वाटसरू, शेषाद्रींचे नाव तुम्हीच काढलेत. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते. त्या चर्चने मानलेल्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या अठराव्या प्रकरणात आपले तारण झाल्याच्या खात्रीला विश्वासाचा गाभा मानलेले नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तुमचा पुरावा आमच्या आजीच्या बाजूने साक्ष देतो.

अंबडचा वाटसरू: त्याच प्रकरणात खात्री मिळवण्यासाठी झटणे हे प्रत्येकाचे कर्तव्य म्हटले आहे, ते तुम्ही सोयीने गाळले. तारखेचा हट्ट मात्र मी सोडतो. आजींना तारीख विचारणार नाही, खात्री आहे काय एवढेच विचारीन.

कुंडलिकाकाठ: अवश्य या. तिला आता कमी ऐकू येते, तेव्हा मोठ्याने विचारा. आणि लसूण सोलायला बसवले तर नाही म्हणू नका.