मदत हवी आहे: मार्लेश्वर, कर्णेश्वर, गणपतीपुळे एका दिवसात?

मंडळी, दिवाळीनंतर पुण्याहून मामा-मामी येतायत रत्नागिरीला, त्यांना एक दिवसाची देवदर्शनाची ट्रिप करवायचीय आणि सोबत माहिती सांगणारा कोणीतरी हवाय, नुसता ड्रायव्हर नको. संगमेश्वरजवळच्या कसब्यातल्या कर्णेश्वर मंदिराचं कोरीवकाम कोणी समजावून सांगितलं नाही तर माणूस दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर येतो हो, आणि १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले तेही तिथेच संगमेश्वरात, मामांना त्याचं फार.

देवरूखजवळच्या मार्लेश्वरला, शंकराच्या गुहेतल्या देवळाला, पाचशेच्या आसपास पायऱ्या, मामीचे गुडघे दुखतात, तर तिथे डोली मिळते का? गुहेत फक्त समयांचा उजेड, त्यात साप दिसतात म्हणे, ते मामीला आधी सांगू की नको 😄

पुळ्याला डोंगरच गणपती मानतात, त्यामुळे त्याची प्रदक्षिणा करायचीच आहे, साधारण एक किलोमीटर, ती जमेल. पण देवरूखकडून संध्याकाळपर्यंत पुळ्याला पोचणं होतं का, की पुळे दुसऱ्या दिवशी ठेवू? हायवेच्या कामाचा भरवसा नाही. कोणी असा गाईड घेतला असेल तर दिवसाचे किती घेतो, जेवण-गाडी धरून का वेगळं, जरा सांगा.