टीव्हीवर झळकलेला फरारी पकडला गेला. पुढचं कोण सांगणार?

आडवाट

सध्या रात्री जेवणं झाली की ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’चे जुने भाग बघत बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८८च्या फेब्रुवारीत फॉक्स वाहिनीवर सुरू झालेला कार्यक्रम. सादरकर्ते जॉन वॉल्श, ज्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचा १९८१ मध्ये खून झाला होता. फरारी आरोपीचा फोटो, गुन्ह्याचं नाट्यरूपांतर, खाली फोन नंबर. पहिल्या भागात तुरुंगातून पळालेला एक खुनी दाखवला, तो चार दिवसांत न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सापडला. तिथे हा गृहस्थ खोट्या नावाने बेघरांचा निवारा चालवत होता! पुढे एकूण हजाराच्या वर माणसं या कार्यक्रमामुळे पकडली गेली.

माझा आक्षेप पकडण्याला नाही. फोटोवर ‘पकडला’ असा शिक्का बसतो आणि गाडी पुढच्या फरारीकडे वळते, त्याला आहे. बघणाऱ्याला वाटतं, चला, निकाल लागला. प्रत्यक्षात तिथून पुढे जे सुरू होतं ते वीसवीस वर्षं चालतं.

जॉन लिस्टचंच घ्या. न्यू जर्सीतल्या वेस्टफील्डचा हिशेबनीस. नोव्हेंबर १९७१ मध्ये आई, बायको आणि तीन मुलं अशी पाच माणसं मारली, घरातले दिवे चालू ठेवले, फोटोंमधून स्वतःचा चेहरा कापून काढला आणि निघून गेला. महिनाभर कोणाला पत्ता नाही. साडेसतरा वर्षांनी, २१ मे १९८९च्या भागात फ्रँक बेंडर या शिल्पकाराने केलेला त्याचा मातीचा अर्धपुतळा दाखवला. म्हातारपणी हा कसा दिसत असेल याचा अंदाज. टक्कल, सुटलेली हनुवटी, आणि जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. चष्मा बेंडरने मुद्दाम निवडला होता, असला माणूस असलाच चष्मा लावेल म्हणून. १ जूनला रिचमंडमध्ये पकडला तेव्हा लिस्टचा चष्मा जवळपास तोच निघाला. नाव बॉब क्लार्क, धंदा पुन्हा हिशेबाचाच, १९८५ मध्ये दुसरं लग्नही केलेलं.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं सांगा. बोटांचे ठसे जुळूनही तो मी बॉब क्लार्कच म्हणून महिनोन्‌महिने अडून बसला. १९९० मध्ये पाच जन्मठेपा झाल्या, एकीमागून एक भोगायच्या. मग अपील. आपल्या पाद्र्यासाठी घरात ठेवलेलं कबुलीचं पत्र हे धर्मगुरूशी केलेलं खासगी बोलणं आहे, सबब पुराव्यात घेऊ नये, असा त्याचा मुद्दा! कोर्टाने फेटाळला. २००८ मध्ये ८२ वर्षांचा होऊन कैदेतच मेला. पुतळ्याचा चष्मा कसा जुळला हे मला प्रत्येक भागात सांगतात, हा पत्राचा वाद कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच: ज्याचा चेहरा लाखो घरांत नेलात, त्याच्या खटल्याचा शेवट त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात सांगणं बंधनकारक करा. शिक्षा झाली तरी आणि सुटला तरी.

खडूस_काका

चौकात पोस्टर चिकटवणाऱ्यानेच खटलाही चालवायचा का?

कार्यक्रमाचं काम शोधणं. पुढचं पोलीस, वकील, न्यायाधीश बघतील, कोर्टाचं दार उघडं असतं, ज्याला रस आहे त्याने जावं. लिस्ट आधी डेन्व्हरला राहायचा, तिथल्या जुन्या शेजारणीने ओळखून फोन केला, तोवर साडेसतरा वर्षं पोलिसांना तो मिळालेला नव्हता. त्या एका फोनची किंमत करा आणि मग अपिलाचे कागद चिवडत बसा.

आणि वॉल्शचं स्वतःचं काय झालं तेही लिहा की. ज्याच्यावर मुलाच्या खुनाचा संशय होता तो माणूस १९९६ मध्ये दुसऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगात असताना मेला. या खुनाचा खटला त्याच्यावर कधी उभाच राहिला नाही. २००८ मध्ये पोलिसांनी तोच खुनी असं जाहीर करून फाईल बंद केली. ज्या बापाला खटलासुद्धा मिळाला नाही, त्याला ‘पकडला’ या शिक्क्याचं मोल तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं.

मीनल_डॅलस

काका, मी जिथे राहते तिथलंच सांगते. बातमी जुनी आहे पण निकाल अजून लागायचाय, म्हणून.

डिसेंबर २०००. टेक्सासच्या केनेडी गावाजवळच्या तुरुंगातून सात कैदी पळाले. ख्रिसमसच्या आदल्या रात्री आमच्या शेजारच्या अर्व्हिंगमध्ये त्यांनी खेळाच्या सामानाचं दुकान लुटलं आणि एका पोलिसाला गोळ्या घातल्या. २० जानेवारी २००१ला ‘मोस्ट वाँटेड’ने त्यांना दाखवलं. तेव्हा ते कोलोरॅडोत एका गाड्यांच्या तळावर आपण मिशनरी आहोत असं सांगून राहत होते. तिथल्याच लोकांनी ओळखलं. दोन दिवसांत चार पकडले, पाचव्याने स्वतःला गोळी घालून घेतली. उरलेले दोघे हॉटेलात सापडले, आणि शरण येण्यासाठी त्यांची अट काय होती? टीव्हीवर बोलू द्या! स्थानिक वाहिनीच्या निवेदकाने फोनवरून मुलाखत घेतली, दोघांनी टेक्सासच्या तुरुंगव्यवस्थेवर तोंडसुख घेतलं आणि मग हात वर करून बाहेर आले. टीव्हीने धरलं आणि टीव्हीवरच शरणागती.

आता पुढचं. सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. इथल्या कायद्यात गोळी कोणी झाडली याला फारसं महत्त्व नाही, कटात सामील असलात तर तुम्हीही तितकेच दोषी. चौघांना विषाचं इंजेक्शन दिलं: २००८, २०१२, २०१५, २०१८. पाचवा मर्फी. दुकानाबाहेर गाडीत बसून पाळत ठेवत होता. मृत्यूच्या खोलीत आपले बौद्ध भिक्खू सोबत असावेत अशी त्याची मागणी, तुरुंगाने नाकारली, आणि २०१९च्या मार्चमध्ये ऐन त्या रात्री सुप्रीम कोर्टाने फाशी थांबवली.

सहावा रँडी हॅल्प्रिन. हा ज्यू. याला फाशी सुनावणारा न्यायाधीश खासगीत ज्यूंबद्दल काय बोलायचा हे वर्षांनी उघडकीला आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये फाशीला आठवडाही उरला नव्हता तेव्हा स्थगिती मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने त्याची शिक्षाच रद्द केली, खटला पुन्हा चालवा म्हणून. टीव्हीवर सात चेहरे एका रांगेत होते, सातांची शिक्षा लोकांनी मनात एकच ठरवली होती.

खडूस_काका

मीनलताई, माहिती उत्तम. पण मेलेल्या पोलिसाचं नाव तुमच्या इतक्या लांब प्रतिसादात एकदाही आलं नाही, आणि हॅल्प्रिनचं आलं. मला हेच म्हणायचंय. ‘पुढे काय झालं’ दाखवायला लागलात की कॅमेरा आपोआप आरोपीच्या बाजूला जाऊन बसतो, कारण पुढचं आयुष्य त्यालाच असतं.

मीनल_डॅलस

लागलं मनाला. ऑब्री हॉकिन्स. वय २९.

पण काका, न्यायाधीश पूर्वग्रहाचा असेल तर हॉकिन्सच्या घरच्यांनाही चोवीस वर्षांनी पुन्हा त्याच कोर्टात बसावं लागतं. शिक्क्यापाशी थांबलात तर त्यांचं हे हेलपाटणंही कोणाला दिसत नाही.

कज्जेदलाल

(नाव बायकोने ठेवलंय. पेशाने फौजदारी वकील, तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत.)

अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडे पकडल्यावर पहिली अडचण कुठे येते ते सांगतो. ओळख परेड. साक्षीदाराने गुन्हेगाराला एकदाच, अंधारात, दोन मिनिटं पाहिलेलं असतं. त्याच्यासमोर सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत आरोपीला उभं करायचं आणि विचारायचं, यातला कोण? आता आरोपीचा फोटो आधीच वाहिन्यांवर दिवसभर फिरला असेल तर बचावाच्या वकिलाला उलटतपासणीत फार घाम गाळावा लागत नाही. “टीव्ही बघता का? अमुक तारखेला बातम्या बघितल्या होत्या?” साक्षीदार हो म्हणाला की परेडमधली हवा गेली. म्हणून तर आपले पोलीस आरोपीला तोंडावर काळं फडकं टाकून आणतात. लोकांना वाटतं लाज वाचवतायत. ते खटला वाचवत असतात.

म्हणजे ज्या प्रसिद्धीने माणूस सापडतो, तीच प्रसिद्धी त्याला सोडवूही शकते. तुरुंगातून पळालेल्याची गोष्ट निराळी, त्याची ओळख रेकॉर्डवर असते, ठसे असतात. पण ज्याच्यावर अजून काहीच शाबीत नाही अशा संशयिताला त्याच रांगेत बसवू नका.

दुसरं, फरारीची जाहिरात करायची सोय कायद्यात पूर्वीपासून आहे. सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२, आता नव्या संहितेत ८४. वॉरंट निघूनही माणूस लपतोय असं कोर्टाला वाटलं तर कोर्ट जाहीरनामा काढतं, तो गावात ठळक जागी जाहीर वाचायचा, त्याच्या घराला चिकटवायचा, कोर्टाच्या इमारतीवर लावायचा आणि हजर व्हायला निदान तीस दिवस द्यायचे. ही अधिकृत दवंडीच. फरक इतकाच की हिच्यामागे न्यायाधीशाची सही असते. टीव्हीच्या दवंडीमागे कोणाची?

मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना माध्यमांच्या खटल्याने न्यायाच्या कामात अडथळा येतो असं स्पष्ट म्हटलंय. वाहिन्यांनी वाचला असेल तर शपथ.

तिसरी_घंटा

आपल्याकडच्या ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’चं कोणालाच कसं आठवलं नाही? १९९८ मध्ये झी टीव्हीवर. आमच्या चाळीत तेव्हा रस्ता सामसूम. शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू आला की आम्ही पोरं त्याची दाढी मनातल्या मनात काढून बघायचो.

सादरकर्ते सुहैब इल्यासी. २००० मध्ये त्यांच्याच पत्नीचा मृत्यू झाला आणि तेच अटकेत. आधी हुंडाबळीचा खटला, २०१४ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने खुनाचा आरोप, डिसेंबर २०१७ मध्ये जन्मठेप, ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाकडून निर्दोष सुटका. साडेअठरा वर्षं. जन्मठेपेच्या मथळ्यांची साइज आठवा आणि सुटकेच्या. मी परवा ऑफिसात विचारलं तर दोघे म्हणाले, “तो आत आहे ना अजून?”

आडवाट यांना माझं अनुमोदन इथेच मिळतं.

सदाफुली

मी जरा उलटी बाजू मांडते. सारा जेन ओल्सन. मूळ नाव कॅथलीन सोलाया, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सशस्त्र डाव्या गटात. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांच्या गाड्यांखाली बाँब ठेवल्याचा आरोप, सुदैवाने ते फुटले नाहीत. मिनेसोटात जाऊन नाव बदललं, डॉक्टरशी लग्न, तीन मुली, हौशी नाटकांत कामं. १९९९ मध्ये ‘मोस्ट वाँटेड’ने दाखवल्यावर महिन्याभरात अटक. गावकऱ्यांनी तिच्या जामिनासाठी दहा लाख डॉलर उभे केले! सुमारे सात वर्षं तुरुंगात काढून २००९ मध्ये सुटली आणि मिनेसोटात आपल्या घरी परतली. २००८ मध्ये हिशेबातल्या चुकीने वर्षभर आधीच सोडलं होतं आणि पाच दिवसांनी परत आत घातलं, हा एक विनोदच.

चोवीस वर्षं जिने कोणाचं काही वाईट केलं नाही तिला ओढून आणून काय साधलं? सुधारणा तर तुरुंगाशिवायच झाली होती.

खडूस_काका

सदाफुली, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच गटाने एप्रिल १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळ बँक लुटली. चर्चची वर्गणी भरायला आलेली चार मुलांची आई तिथे बंदुकीच्या गोळीने मेली. खटला सत्तावीस वर्षं धूळ खात. तिचा मुलगा डॉक्टर झाला तरी पाठपुरावा सोडला नाही. ओल्सन सापडल्यावर त्या जुन्या प्रकरणाला जाग आली, २००२ मध्ये आरोप ठेवले गेले आणि तिच्यासह त्या टोळीतल्या लोकांनी गुन्हा कबूल केला. टीव्हीने दाखवलं होतं बाँबसाठी, हाती लागला खून. नाटकात छान काम करत होती म्हणून सोडून द्यायचं?

सदाफुली

सोडून द्या म्हणत नाही. पण बघा, ही बँकेची गोष्ट तुम्ही सांगितलीत म्हणून माझं मत थोडं तरी हललं. अटकेच्या शिक्क्यावरून हललं नसतं.

आडवाट

सदाफुली, धन्यवाद, माझ्या धाग्याचं काम तुम्ही केलंत.

काका, तुमचा हॉकिन्सचा मुद्दा मान्य. निकालाच्या बातमीत मेलेल्याचं नाव आधी, आरोपीचं नंतर, असा नियम करा, माझी ना नाही. पण दोन वर्षांनी का होईना, तीस सेकंद द्यायला वाहिनीचं काय जातं? फोन नंबर दाखवायला वेळ होता ना?

खडूस_काका

तीस सेकंदांचे पैसे जातात, दुसरं काय. जाहिरातदार निकालाला पैसे देत नाही. सलूनमध्ये पोलीस टाइम्सचा अंक बघा, पहिल्या पानावर धरपकड, निकाल कधी सापडलाच तर राशिभविष्याच्या आसपास.

आणि सक्ती करायचीच तर फक्त निर्दोष सुटलेल्यांपुरती करा. त्याला मी हात वर करतो. शिक्षा झालेल्याची गोष्ट पुन्हा रंगवून सांगायची मला हौस नाही.

कज्जेदलाल

काका, सुटलेल्यांतही दोन जाती. एक निर्दोष, दुसरा पुराव्याअभावी. वाहिनीवाला कोणता शब्द वापरेल, आणि वापरला तर परत माझ्याकडेच अब्रुनुकसानीचं प्रकरण येईल. उद्या साडेदहाला तारीख आहे, संध्याकाळी येऊन यावर लिहितो.